गॉल्जीला टपाल कार्यालय म्हणतात, मग पत्ता लिहितं कोण?

शेवंती
मुलगी नववीत आहे. काल रात्री पेशीचं प्रकरण वाचता वाचता तिने विचारलं, "आई, गॉल्जी संकुल म्हणजे पेशीचं टपाल कार्यालय असं लिहिलंय. पण पाकिटावर पत्ता पाठवणारा लिहितो. इथे कोण लिहितं? आणि वाचतं कोण?"

मी विज्ञान शाखेची खरी, पण त्याला वीस वर्षं झाली आणि नंतर सगळं आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं. जालिका प्रथिनं बनवते, गॉल्जी बांधाबांध करतो, लयकारिका कचरा पचवते, एवढं पाठ आहे. त्यापुढे पाटी कोरी. "मोठी झालीस की कळेल" असं म्हणून बघितलं, तर "तू कधी होणार मोठी?" असं उत्तर आलं.

जाणकारांनी जरा इस्कटून सांगा. तिला कळेल असं, आणि मला पण.

काकदृष्टी
आधी तिला इथे आयडी काढून द्या. असे प्रश्न विचारणारे सभासद कमी झालेत.

पेशीवाई
प्रश्न झकास आहे. थोडक्यात उत्तर: पत्ता पाकिटावर नसतो, मजकुरातच असतो. चिठ्ठीची पहिली ओळ हाच पत्ता, असं समजा.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. रायबोसोम ती एका टोकाकडून ओवत जातो. जे प्रथिन पेशीबाहेर, पेशीपटलावर किंवा लयकारिकेत जायचं असतं, त्याच्या सुरुवातीला साधारण १५ ते ३० अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. त्याचा मधला भाग तेलकट असतो, म्हणजे पाण्याला टाळणारा. माळ अजून अर्धीही झालेली नसते, हा तुकडा रायबोसोममधून नुकताच डोकावत असतो, तोच एक कण त्याला पकडतो. या कणाचं नाव एसआरपी, सहा प्रथिनं आणि एक आरएनए मिळून झालेला. तो ओवणं थांबवतो किंवा मंदावतो, सगळा रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलापाशी नेतो आणि तिथल्या एका नळीच्या तोंडाशी बसवतो. ओवणं पुन्हा सुरू होतं, पण आता माळ थेट जालिकेच्या आत उतरते. पत्त्याचा तुकडा बहुतेक वेळा तिथेच कापून टाकतात. खडबडीत जालिका खडबडीत दिसते ती या चिकटलेल्या रायबोसोममुळे. "जालिका प्रथिनं बनवते" हे तुमचं पाठांतर तेवढं सुधारून घ्या. बनवतो रायबोसोम, जालिका आत घेते.

ही कल्पना ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांनी १९७१ मध्ये मांडली तेव्हा हातात पुरावा जवळपास नव्हताच. पुढच्याच वर्षी सेझार मिलस्टीन यांच्या गटाला दिसलं की परीक्षानळीत बनवलेली प्रतिपिंडाची हलकी साखळी, पेशीने बाहेर सोडलेल्या साखळीपेक्षा किंचित लांब भरते. तो जास्तीचा तुकडा म्हणजे हा पत्ता. १९७५ पर्यंत ब्लोबेल यांनी प्रयोगाने ते पक्कं केलं आणि १९९९ चं नोबेल मिळालं. बक्षिसाचा पैसा त्यांनी दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या ड्रेस्डेन शहरातलं चर्च आणि सिनेगॉग उभारायला दिला. लहानपणी ते शहर त्यांनी जळण्याआधी पाहिलं होतं.

गणिती गोंधळ
मग ज्या माळेला असा तुकडा नाही तिचं काय? ती बेवारस?

पेशीवाई
@गणिती गोंधळ, बेवारस नाही, ती पेशीद्रव्यातच राहते. बरीचशी प्रथिनं तिथलीच रहिवासी. केंद्रकात जाणाऱ्यांचा पत्ता वेगळा, तंतुकणिकेत जाणाऱ्यांचा वेगळा. गंमत अशी की केंद्रकाच्या छिद्रातून प्रथिनं पूर्ण घडी घालून जाऊ शकतात, पण तंतुकणिकेत शिरताना बहुतेकांना घडी मोडून दोऱ्यासारखं ओवून घ्यावं लागतं. दारं वेगळी, शिरायची रीतही वेगळी.

निवृत्त मास्तर
पेशीवाईंचा प्रतिसाद आवडला, पण मुलीचा दुसरा प्रश्न बाजूलाच राहिला. वाचतं कोण?

तीस वर्षं मी वर्गात हीच टपालाची उपमा दिली आणि आता तिचा मला कंटाळा आला आहे. टपालात वाचणारा माणूस असतो. पेशीत कुणी वाचत नाही. कुलपात किल्ली बसते तेव्हा कुलूप किल्ली "वाचत" नाही. आकार आणि विद्युतभार जुळला की चिकटलं, नाही जुळलं तर पुढे. "ओळखतो", "ठरवतो", "पाठवतो" ही सगळी क्रियापदं आपली आहेत, पेशीची नाहीत.

काकदृष्टी
मास्तर, मग मराठीत जीवशास्त्र शिकवायचं कसं? क्रियापदांशिवाय?

निवृत्त मास्तर
सावधपणे.

गोडबोली
यात माझाही एक अनुभव. मला मधुमेह आहे आणि चार वर्षं इन्सुलिनची इंजेक्शनं चालू आहेत. मागे डॉक्टरांनी "सी-पेप्टाइड" नावाची तपासणी लिहून दिली. मी वैतागले. साखर बघा, तिमाही सरासरी बघा, आता हे नवीन काय? त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं तेव्हा गप्प बसले.

इन्सुलिन जन्मतः इन्सुलिन नसतंच. ११० अमिनो आम्लांची माळ असते. पेशीवाईंनी सांगितलेला पत्त्याचा तुकडा, इथे २४ चा, जालिकेत शिरताना कापला जातो. उरलेली ८६ ची माळ घडी घालून गॉल्जीतून पुढे जाते आणि तिथून निघालेल्या पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाच्या चिमुकल्या पिशव्यांमध्ये, तिच्या मधला ३१ चा भाग कापून वेगळा होतो. तोच सी-पेप्टाइड. सांध्यावरची चार आम्लंही गळतात आणि राहतं ५१ चं इन्सुलिन. दोन्ही एकाच पुटिकेत असतात, त्यामुळे रक्तात एकदमच पडतात. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. म्हणून रक्तातला सी-पेप्टाइड मोजला की माझं स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळतं.

माझं अजून थोडं बनतंय. त्या दिवशी त्या कापून टाकलेल्या तुकड्याबद्दल फार माया वाटली.

शेवंती
@गोडबोली, हे मुलीला वाचून दाखवलं. ११० वजा २४ वजा ३१ वजा ४ असं गणित करून तिने ५१ येतात का ते तपासलं. आले.

मुखवटा
अवांतर: गॉल्जी की गॉल्गी? माझ्या पुस्तकात गॉल्गी होतं.

निवृत्त मास्तर
माणूस इटालियन, कामिल्लो गॉल्जी. त्या भाषेत 'जी'च. गॉल्गी लिहिल्याबद्दल मात्र मी कधी गुण कापले नाहीत.

किण्व
गॉल्जींचा विषय निघालाच आहे तर. त्यांनी १८९८ मध्ये घुबडाच्या मेंदूतल्या पेशी चांदीच्या क्षारांनी रंगवल्या आणि आत एक जाळीदार रचना दिसल्याचं सांगितलं. त्यावर अनेकांचं म्हणणं, हा तुमच्या चांदीचा डाग आहे, पेशीत असं काही नाही. हा वाद पन्नासएक वर्षं चालला. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या स्पष्ट दिसल्या तेव्हा कुठे मिटला. गॉल्जी तोवर हयात नव्हते. नोबेल त्यांना १९०६ मध्ये मिळालं होतं, पण ते चेतासंस्थेवरच्या कामासाठी, आणि तेही सान्तियागो रामोन इ काहाल यांच्याबरोबर वाटून. त्या दोघांचं मुळात पटत नव्हतं. चेतापेशी सुट्या असतात असं काहाल म्हणायचे, सगळं एकच अखंड जाळं आहे असं गॉल्जी. चेतापेशींच्या बाबतीत गॉल्जी चुकले आणि ज्याला लोक डाग म्हणाले तिथे बरोबर निघाले.

रचना दिसली तरी माल कुठून कुठे जातो हे स्थिर चित्रात कसं कळणार? जॉर्ज पलाडे यांनी युक्ती केली. गिनिपिगच्या स्वादुपिंडाच्या तुकड्यांना तीनच मिनिटं ल्युसिन हे अमिनो आम्ल किरणोत्सारी करून दिलं, मग साधं दिलं. म्हणजे त्या तीन मिनिटांत बनलेल्या प्रथिनांवरच खूण बसली. मग वेगवेगळ्या वेळी पेशी मारून खूण कुठे पोचली ते पाहिलं. आधी खडबडीत जालिकेत, काही मिनिटांनी गॉल्जीपाशी, दोनेक तासांत बाहेर पडायला तयार असलेल्या कणिकांमध्ये. रस्ता असा सापडला. १९७४ चं नोबेल.

आता माझ्या कामाचं. मी दोन वर्षं यीस्टवर घालवली आहेत. रँडी शेकमन आणि पीटर नोव्हिक यांनी १९७९ च्या सुमारास यीस्टची अशी उत्परिवर्तनं शोधली की २५ अंशांना पेशी सुखात आणि ३७ ला वाहतूक ठप्प. अशा पेशी हजारोंतून वेगळ्या काढायच्या कशा? पेशी आत माल बनवत राहते, पण पृष्ठभागापर्यंत पुटिका पोचत नाहीत म्हणून फुगू शकत नाही. त्यामुळे ती जड होते. द्रावणात फिरवलं की जड पेशी खाली जातात. या युक्तीने १९८० मध्ये त्यांनी २३ जनुकं गाठली. एका उत्परिवर्तनात जालिका फुगलेली, दुसऱ्यात गॉल्जी, तिसऱ्यात नुसत्या पुटिकांची गर्दी. कोंडी कुठे झाली त्यावरून कुठला नाका बंद पडला ते ओळखायचं.

आमच्याकडे एकदा रात्रीत उबवणी यंत्राचा पारा आपोआप चढला. सकाळी सगळ्या तबकड्यांवरच्या पेशी कोंडी होऊन पडलेल्या. तीन आठवड्यांचं काम गेलं. मार्गदर्शक म्हणाले, "उत्परिवर्तन खरं आहे हे तरी सिद्ध झालं."

काकदृष्टी
मार्गदर्शक जमातीचं हे वाक्य सगळीकडे एकच असतं.

अनाहूत
मास्तरांशी असहमत. पेशीत कारकून नाही, असं सरसकट म्हणता येणार नाही. लयकारिकेत जाणाऱ्या विकरांचं (एन्झाइमांचं) बघा. जालिकेत शिरायला त्यांच्याकडे जन्मजात पत्ता असतो, पण "लयकारिकेत न्या" हा शिक्का गॉल्जीतच बसतो. एक विकर येऊन त्यांच्यावरच्या मॅनोज शर्करेला फॉस्फेट लावण्याचं काम सुरू करतं. पुढे त्या मॅनोज-६-फॉस्फेटला धरणारा ग्राही त्यांना योग्य पुटिकेत ओढतो. हा कारकून नाही तर कोण?

आणि कारकून गैरहजर राहिला तर काय होतं तेही माहीत आहे. आय-सेल नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात हे शिक्का मारणारं विकर नसतं. लयकारिकेची विकरं बनतात, धडधाकट असतात, पण शिक्का नाही म्हणून वाट चुकून पेशीबाहेर पडतात. अशा मुलांच्या रक्तात ही विकरं भरपूर सापडतात आणि ज्या लयकारिकांना ती हवी त्या न पचलेल्या मालाने तुंबलेल्या. माल उत्तम, पत्ता नाही, एवढ्यावरून सगळं शरीर बिघडतं.

निवृत्त मास्तर
@अनाहूत, शिक्का मारणारं आहे हे मान्य. पण तेही विकरांच्या पृष्ठभागावरचा आकारच चाचपतं ना? शेवटी किल्ली-कुलूपच.

तरी तुमचा मुद्दा घेतो. काही पत्ते जन्मजात, काही वाटेत मिळालेले.

वैद्यकी
अनाहूत यांच्या प्रतिसादाला पुरवणी. हाच शिक्का उपचारातही वापरतात. पेशीच्या बाहेरच्या पटलावरही मॅनोज-६-फॉस्फेटचे थोडे ग्राही असतात. पॉम्पे आजारात लयकारिकेतलं एक विकर कमी असतं. ते बाहेर तयार करून शिरेतून देतात, शिक्का असल्यामुळे पेशी ते उचलते आणि लयकारिकेपर्यंत पोचवते.

पण मला खरं बोलायचंय ते जालिकेतल्या तपासणीबद्दल, कारण ती कधी कधी क्रूर असते. जालिकेत शिरलेल्या बहुतेक प्रथिनांवर १४ शर्करांचं एक तयार झाड चिकटवलं जातं. त्याच्या टोकाला तीन ग्लुकोज असतात. दोन लगेच कापली जातात. तिसरं असेपर्यंत मदतनीस प्रथिनं माळेला धरून ठेवतात आणि घडी बसू देतात. मग तेही कापलं जातं. त्यानंतर एक तपासनीस येतो. घडी नीट नसेल तर तो एक ग्लुकोज पुन्हा चिकटवतो, म्हणजे परत आत बसा. असं वारंवार. मात्र दरम्यान मॅनोज शर्करा हळूहळू झडत असतात आणि त्या बऱ्याच झडल्या की वेळ संपली. प्रथिन मागे पेशीद्रव्यात ओढून, युबिक्विटिनची खूण लावून, तुकडे करून टाकतात.

सिस्टिक फायब्रोसिस या आजारात सर्वाधिक आढळणाऱ्या उत्परिवर्तनात सीएफटीआर या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल, ५०८ क्रमांकाचं, गळालेलं असतं. क्लोराइडची ये-जा सांभाळणारं हे प्रथिन अशा अवस्थेतही पटलावर पोचलं तर थोडंफार काम करू शकतं. पण ते पोचतच नाही. घडी जराशी चुकते आणि जालिका बहुतेक सगळं नष्ट करते.

गणिती गोंधळ
म्हणजे चालेल असा माल केवळ नियमावर बोट ठेवून परत? याला मी मूर्खपणा म्हणेन.

वैद्यकी
@गणिती गोंधळ, रोग्याच्या नातेवाइकांसमोर बसून मलाही तसंच वाटलंय. पण उलटी बाजू बघा. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाचं एक बिघडलेलं रूप यकृतपेशींच्या जालिकेत एकमेकांत अडकून साचतं, विल्हेवाट पुरी पडत नाही, आणि यकृत खराब होतं. चुकीच्या घडीचं प्रथिन तेलकट भाग उघडे ठेवून हिंडतं, जे भेटेल त्याला चिकटतं. त्यामुळे शिस्त हवीच. सीएफटीआरमध्ये आता घडी सावरणारी औषधं आली आहेत. २०१९ मध्ये तीन औषधांच्या एकत्र गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिच्यातली दोन घडीला आधार देतात, तिसरं पोचलेल्या प्रथिनाचं दार उघडं ठेवायला मदत करतं.

मुखवटा
पण पुटिकेला कळतं कसं की आपलं घर हेच?

किण्व
पुटिकेच्या अंगावर एक दोरीसारखं प्रथिन, ठिकाणाच्या पटलावर तिच्या जोडीची दोरी. त्यांचं कुळनाम स्नेअर. रॅब नावाची प्रथिनं आधी साधारण जागा जुळवून पुटिकेला बांधून ठेवायला मदत करतात, मग जोडीच्या दोऱ्या एकमेकींत पीळ घालतात आणि त्या पिळाच्या जोराने दोन्ही पटलं एक होतात. जेम्स रॉथमन यांचं हे काम, १९९३ चं. चेतापेशीत कॅल्शियम आल्याबरोबर पुटिका कशा सुटतात ते टोमास स्यूडहोफ यांनी उलगडलं. शेकमनसह तिघांना २०१३ चं नोबेल.

बोटॉक्स ही दोरीच कापतं. चेतापेशीतून संदेश सुटत नाही, स्नायू सैल पडतो, सुरकुती जाते. धनुर्वाताचं विषही अशीच दोरी कापतं, पण स्नायूंना आवरणाऱ्या चेतापेशींतली, म्हणून तिथे उलट शरीर ताठ होतं.

गोडबोली
म्हणजे लोक पैसे देऊन पेशीतली टपालसेवा बंद पाडून घेतात!

अनाहूत
उपमेच्या शवपेटीला शेवटचा खिळा मी मारतो. टपाल कार्यालय एका जागी असतं. गॉल्जी नसतो.

पूर्वी मानायचे की गॉल्जीच्या पिशव्या जागच्या जागी आणि माल पुटिकांतून एकीतून दुसरीत. पण कोलॅजेन या प्रथिनाने घोळ घातला. त्याचा रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि ताठ. नेहमीच्या पुटिका ६० ते ९० नॅनोमीटरच्या. दांडा पुटिकेत मावेना. गॉल्जीत पाहिलं तर तो पिशवीतून बाहेर न पडताच पुढे सरकतो. म्हणजे पिशवीच पुढे जाते आणि तिची विकरं पुटिकांतून मागच्या पिशवीत परततात. २००६ मध्ये दोन गटांनी जिवंत यीस्टमध्ये एकाच पिशवीचा चमकता रंग बदलताना पाहिला, सुरुवातीच्या विकरांचा रंग जाऊन शेवटच्यांचा आला. म्हणजे माल आपल्या खोलीत बसलेला, खोली चालतेय आणि कर्मचारी उलट दिशेने पळताहेत. सगळ्याच पेशींत सगळ्याच मालाचं असं होतं का, यावर अजून भांडतात.

निवृत्त मास्तर
हे मला नवीन आहे. दंडवत.

पेशीवाई
उलट येणाऱ्यांवरून आठवलं. जालिकेतले मदतनीसही चुकून मालाबरोबर गॉल्जीत वाहून जातात. त्यांच्या शेपटाला चार अमिनो आम्लांची खूण असते, के-डी-ई-एल. गॉल्जी जरा आम्लधर्मी, तिथे ग्राही ती शेपूट धरतो. जालिकेत आम्लता कमी, तिथे सोडतो. येणं-जाणं नुसत्या आम्लतेच्या फरकावर.

आणि एक, मुलीला नक्की सांगा: तिचा रक्तगट गॉल्जीत ठरतो. तिथलं एक विकर शर्करेच्या साखळीला शेवटी एक प्रकारची शर्करा लावतं तो ए, दुसरी लावतं तो बी. विकर निकामी असेल तर काहीच लागत नाही, तो ओ.

शेवंती
सगळ्यांचे आभार. काल तासभर बसून तिला सगळं सांगितलं. किल्ली-कुलूप पटलं, चालती खोली फार आवडली. ती ओ गटाची, त्यामुळे "माझा कारकून रजेवर आहे" हे घरभर सांगून झालंय.

मग जेवता जेवता म्हणाली, "ज्या नळीतून प्रथिनं जालिकेत शिरतात ती नळी पण प्रथिनाचीच ना? मग ती जालिकेत कुठून शिरली?"

आता बोला.

काकदृष्टी
आयडी काढला की नाही अजून?

पेशीवाई
नळी आधीच्या नळीतून बसवली जाते. आणि ती आधीची, तिच्याही आधीच्या. थट्टा नाही, खरंच तसं आहे. जनुकांत प्रथिनांची कृती असते, पण जालिका कोऱ्या जागेवर कधी उभी राहत नाही. जुन्या पटलातच भर पडते आणि पेशी दुभंगताना ते दोघींत वाटलं जातं. गॉल्जी बहुतेक प्राण्यांच्या पेशींत विभाजनाच्या वेळी फुटून विखुरतो आणि नंतर परत जुळतो. म्हणजे मुलीच्या पहिल्या पेशीत जी जालिका होती ती बीजांडातून आलेली.

शेवंती
हे सांगितल्यावर दोन मिनिटं शांत. मग, "म्हणजे माझी जालिका तुझी? आणि तुझी आजीची?" मी हो म्हटलं. मग बाबांकडे बघून, "आणि यांचं काय?"

बाबा वर्तमानपत्रामागे गेलेत. काही देता येईल का त्यांना?

वैद्यकी
सेंट्रिओल. पेशीविभाजनाच्या वेळी धाग्यांची मांडणी करणाऱ्या जोडगोळीची सुरुवात माणसात शुक्रपेशीकडून येते.

शेवंती
सांगितलं. वर्तमानपत्र खाली आलंय.